शर्टवाल्या काकूंचा पहिला शर्ट

काकूंना शर्ट शिवता येत नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण अख्ख्या गल्लीत ही गोष्ट एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे खुद्द काकू. बाकी सगळे त्यांना शर्टवाल्या काकू म्हणायचे. कुणी पत्ता विचारत आलं की कोपऱ्यावरचा दुकानदार हात वर करून सांगायचा, "शर्टवाल्या काकू ना? दुसरा जिना, तिसरा मजला." नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, तशी गत.

पण काकू खोटारड्या नव्हत्या हं. बावीस वर्षं त्या शर्टांच्या कारखान्यात होत्या, यात तसूभर खोट नाही. फक्त त्या कारखान्यात अख्खा शर्ट कुणी एकटं शिवत नसे. एक लांबलचक ओळ, ओळीत तीस मशिनी, आणि प्रत्येकीवर एक बाई. एकीनं खिसा लावायचा, दुसरीनं बटणपट्टी, तिसरीनं खांदे जोडायचे. खांदे जोडलेलं धड काकूंच्या पुढ्यात आलं की त्यांनी त्याला कॉलर बसवायची आणि उजवीकडे सरकवायचं. उजवीकडे बाहीवाली बसायची. ती बाह्या लावायची. आपण कॉलर लावलेला शर्ट पुढे कसा दिसतो हे मान वळवून बघायलाही काकूंना फुरसत नसे, कारण तोवर पुढचं धड आलेलं असे. दिवसाला चारशे कॉलर, बावीस वर्षं. गुणाकार तुम्हीच करा, मला तर चक्कर येते.

मग हे घरी कधी सांगितलं कसं नाही? अहो, सांगायचंच होतं. पण काकूंचे यजमान पडले पोस्टमन, आणि तोंडाचे भलतेच मोकळे. लग्नानंतर काकू एवढंच म्हणाल्या होत्या, "मी शर्टांच्या कारखान्यात आहे." काकांनी त्याचा अर्थ लावला आणि आपल्या वाटपाच्या रस्त्यावर घरोघरी पत्रांबरोबर वाटून टाकला, "आमची ही शर्ट शिवते. तुमच्या अंगावरचा हासुद्धा कदाचित तिनंच शिवला असेल!" आता एवढ्या लोकांच्या घरी जाऊन खुलासा कोण करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. काकूंनी ती झाकून ठेवली, आणि ठेवता ठेवता बावीस वर्षं गेली.

मग कारखान्यात नवी यंत्रं आली आणि अर्धी ओळ घरी बसली. काकूंना पहिला आठवडा बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सगळी कपाटं आवरली. तिसऱ्या आठवड्यात आवरलेली कपाटं पुन्हा आवरायला घेतली, तेव्हा काका म्हणाले, "आता हे थांबव, नाहीतर मला माझी बनियन सापडायची नाही."

आणि एका दुपारी ते दोन हमालांना पुढे घालून आले. हमालांच्या हातात पायाची शिलाई मशीन होती, जुनी पण तेलपाणी केलेली. काकांच्या रस्त्यावर राहणाऱ्या एका शिक्षिकाबाईंची ती. त्यांचे डोळे अधू झाले होते आणि मशीन चांगल्या हातात जावी अशी त्यांची इच्छा होती. "तुझ्याहून चांगले हात कुणाचे?" काका म्हणाले. खिडकीजवळचा कोपरा त्यांनी सकाळीच रिकामा करून ठेवला होता. तिथं त्यांची आरामखुर्ची असायची. पंधरा दिवसांनी ते निवृत्त होणार होते, आणि त्यानंतर त्या खिडकीत बसून निवांत पेपर वाचायचा हा त्यांचा कित्येक वर्षांचा बेत होता. ती खुर्ची आता बोळकांडीत, चपलांच्या शेजारी गेली होती.

"अहो, तुमची खुर्ची?"

"मला काय, कुठंही वाचेन. तुला उजेड पाहिजे." मग ते जरा खाकरले. "आणि ऐक. जगाचे शर्ट शिवलेस, नवऱ्याला एक नाही. माझ्या निरोप समारंभाला मी तुझ्या हातचा शर्ट घालणार. साहेबांना सांगून आलोय. सगळ्या ऑफिसला सांगितलंय."

काकूंनी मशीनच्या चाकावरून हात फिरवला. त्या "हो" म्हणाल्या. दुसरं म्हणणार तरी काय?

पुढचे चार दिवस त्यांनी कापडाला हात लावला नाही. जागा लावत बसल्या. यात टाळाटाळ होती हे खरं, पण खरं सांगू का, सुखही होतं. कारखान्यात त्यांची म्हणून एक तसूभर जागा नव्हती. स्टूल कारखान्याचं, दिवा कारखान्याचा, समोरची भिंत राखाडी. इथं त्यांनी मशीन आधी खिडकीला तोंड करून लावली, तर दुपारी ऊन डोळ्यावर यायला लागलं. मग आडवी लावली, उजेड डावीकडून येईल अशी, म्हणजे सुईवर हाताची सावली पडत नाही. जमिनीवर जुनी चटई टाकली, पडलेली टाचणी तिच्यावर चमकावी म्हणून. टाचण्या त्यांनी साबणाच्या वडीत खोचल्या, त्यामुळे त्या कापडातून सुळकन जातात. दोऱ्याच्या बॉबिनी काकांच्या वारांच्या खणांच्या गोळ्यांच्या डबीत गेल्या, सोमवारच्या खणात पांढरा दोरा, मंगळवारच्या खणात काळा. काकांच्या गोळ्या पेल्यात आल्या.

कापड बेतायला टेबल हवं. घरात टेबल एकच, जेवणाचं, आणि ते बुटकं. त्यावर वाकून दहा मिनिटांत काकूंची कंबर बोलायला लागली. त्यांनी चारी पायांखाली दोन दोन विटा सरकवल्या. कंबरेचं काम झालं. पण त्या रात्रीच्या जेवणापासून काकांची हनुवटी ताटाच्या पातळीला आली.

"मी जेवतोय की ताटात डोकावतोय?"

"उभं राहून जेवा. पचतं चांगलं."

एकच खटका उडाला, तो कात्रीवरून. काकूंनी कापडासाठी नवी लांब कात्री आणली होती, आणि काकांनी तिनं चक्क पुठ्ठ्याचं खोकं कापलं. काकूंनी असा आवाज लावला की खालच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला. कागदानं कापडाच्या कात्रीची धार जाते, हे काकांना पस्तीस वर्षं पार्सलं हाताळून माहीत नव्हतं. त्यांनी कानाला खडा लावला. पुढं ते त्या कात्रीकडे नुसतं बघायचं झालं तरी विचारायचे, "बघू ना?"

पाचव्या दिवशी कोपरा असा सजला की आता टाळायला काही उरलं नाही. काकू मशीनवर बसल्या. कारखान्यातल्या मशीनला विजेची मोटर, पाय ठेवला की भुर्रकन जायची. त्याच सवयीनं त्यांनी इथं पाय दाबला. चाक उलटं फिरलं, दोरा तुटला, सुई वाकली. बावीस वर्षांची कारागीर आणि पहिल्याच टाक्याला सुई वाकवली! त्यांनी आधी दार बंद आहे ना ते बघितलं. पायाची मशीन टाच आणि चवडा झुलवत चालवायची असते, हे उमजायला दोन दिवस गेले. एकदा ते झुलणं पायात बसलं आणि मशीन खट-खट-खट एका लयीत बोलायला लागली, तेव्हा मात्र त्या एकट्याच हसल्या.

मग त्यांनी जुनी चादर घेतली आणि शर्ट शिवायला सुरुवात केली. कुठून? कॉलरपासून! दुसरं येत काय होतं? चादरीतून कॉलरचे तुकडे कापले, आत ताठपणासाठी बकरम घातलं, उलटं शिवून सुलटं केलं, सुईच्या टोकानं कोपरे काढले. अशी झाली की बघत राहावं. दोन्ही टोकं सारखी, कडेनं टाके एका ओळीत. पण कॉलर लावायची कशाला? तिचं धड कुठून आणायचं? काकू त्या कॉलरकडे बघत बसल्या. मग काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी दुसरी कॉलर शिवली. मग तिसरी.

संध्याकाळी काका आले तेव्हा खाटेवर पाच कॉलर ओळीनं मांडल्या होत्या.

"वा! आणि शर्ट?"

काकूंनी पाचवी कॉलर उगीच सरळ केली.

"पाच शर्ट शिवतेयस की काय? अगं, निरोप एकदाच असतो." ते हसत हसत चादरीखाली, मशीनमागे बघायला लागले. त्यांना खरोखर वाटलं होतं की शर्ट कुठंतरी ठेवलेत. ते बघून काकूंना राहवलं नाही. त्या ओल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "नाहीयेत हो शर्ट. मला शर्ट येतच नाही. मी तिथं कॉलर लावायचे. नुसत्या कॉलर. बावीस वर्षं."

काका खाटेच्या कडेला बसले. 

"आणि मी जगभर सांगत सुटलो."

"तेच तर. तुम्ही इतक्या कौतुकानं सांगायचात. मला तुमचा तोंडघशी पडलेला चेहरा बघवला नसता. आणि मलाही ते आवडायचं, कशाला खोटं बोलू? कारखान्यात मी कॉलर नंबर सतरा होते. घरी आले की शर्टवाली."

काकांनी एक कॉलर उचलली, उलटसुलट केली. "एक ना धड, भाराभर चिंध्या," ते म्हणाले, पण आवाजात राग नव्हता. "कॉलर मात्र फक्कड आहे. आता ऐक. मी शब्द दिलाय. नवव्या दिवशी मला शर्ट पाहिजे. येत नाही तर शिक."

"नऊ दिवसांत?"

"मला सायकलसुद्धा येत नव्हती पोस्टात लागलो तेव्हा. आठ दिवसांत शिकलो. गुडघे बघ माझे."

गुडघे त्यांनी खरंच दाखवले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी बाहीवालीला बोलावलं. जिवाभावाची मैत्रीण, बावीस वर्षं कोपराला कोपर लावून बसलेली. ती आली, कोपरा बघून तोंडात बोट घातलं, साबणातल्या टाचण्या चार वेळा काढून खोचल्या. काकूंनी सगळं मोकळेपणानं सांगितलं आणि विचारलं, "तुला येतो ना शर्ट?"

बाहीवालीनं चहाचा कप खाली ठेवला. "मला? अगं, मला बाह्या येतात."

कुठंही जा, पळसाला पानं तीनच! तिलाही तिच्या गल्लीत लोक शिंपीणबाई म्हणत होते म्हणे. दोघी इतक्या हसल्या की बाहीवालीला ठसका लागला. "तुझी कॉलर, माझ्या बाह्या," ती म्हणाली, "मधला माणूसच नाही."

तो मधला माणूस शेवटी सापडला काकांच्या एका जुन्या शर्टात. काकूंना सुचलं ते असं, की शिवता येत नसेल तर उसवून बघावं. कोपरांवर झिजलेला एक शर्ट त्यांनी टेबलावर घेतला आणि दोघींनी तो शेवटच्या शिवणीपासून उलटा उसवायला सुरुवात केली. प्रत्येक तुकडा सुटला की त्यावर खडूनं आकडा. सगळ्यात आधी सुटेल ते सगळ्यात शेवटी शिवायचं. बटणं, दुमड, कफ, कुशी, बाह्या, कॉलर, खांदे. कुशी, म्हणजे बगलेखालच्या बाजू, उसवताना काकू म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे बाही लावल्यावर एकाच शिवणीत बाही आणि कूस!" आणि असा आनंद झाला त्यांना, की काय सांगू. बावीस वर्षं ज्याचा एकच तुकडा पाहिला, तो सगळा आज टेबलावर पसरला होता.

चादरीचा एक शर्ट झाला. तो काकांना दंडात इतका घट्ट झाला की हात वर गेले ते खाली येईनात. पण शर्ट होता! मग खरं कापड. काकांनीच आणलेलं, फिकट निळं. काकूंनी ते घडी घालून टेबलावर पसरलं, उसवलेले तुकडे वर ठेवले, खडूनं आखलं आणि कात्री हातात धरून उभ्या राहिल्या. कारखान्यात कापड कापूनच यायचं. चुकलं तर ते कापणाऱ्याचं. इथं चुकलं तर आपलंच. काका दारातून म्हणाले, "डावीकडून सुरू कर, सरळ कर, हळू कर." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! काकूंनी त्यांना पेपर घेऊन बोळकांडीत पाठवलं आणि पहिला काप घेतला.

समारंभाच्या दोन दिवस आधी, सकाळी, शर्ट तयार झाला. काजं हातानं केली होती, त्यातलं तिसरं जरा वाकडं होतं. काकांनी तो घातला, आरशासमोर उभे राहिले, आणि एवढे खूश झाले की बाहीवालीलाच "थँक यू" म्हणाले.

काकू मात्र कॉलर बघत होत्या. दोन्ही टोकं सारखी, टाके एका ओळीत, आणि तरी ती बसली नव्हती. मानेच्या एका बाजूला चिकटली होती, दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी फट. खाली शर्टाची कड उजवीकडे लोंबत होती.

"चुकलं कुठं?"

"कुठंच नाही," बाहीवाली टेप लावत म्हणाली. "दोन्ही बाजू सारख्या आहेत. कारखान्यातल्या चेकरनं पास केला असता. माणूस वाकडा आहे, शर्ट नाही."

"माझे सगळेच शर्ट असे बसतात," काका म्हणाले. "दुकानातलेसुद्धा. चालतंय की!"

काकू त्यांच्या मागं गेल्या आणि दोन्ही हात त्यांच्या दोन खांद्यांवर ठेवले. उजवा खांदा खाली होता. पस्तीस वर्षं पत्रांची बॅग त्याच खांद्यावर, जिने चढताना, उन्हात, थंडीत. पट्ट्यानं तिथं एक खाच पाडली होती. काकूंच्या बोटांना ती रोज लागत आली होती, पण तिचं माप त्यांनी कधी घेतलं नव्हतं. टेप लावली तर दीड बोटाचा फरक. या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या मापाचे शर्ट घातले, त्यातल्या काहींना आपणच कॉलर लावली असेल, आणि घरातला खांदा आपण पाहिला नाही. काकूंना भरून आलं, स्वतःचा रागही आला.

"काढा तो शर्ट."

"अगं, परवा समारंभ!"

"काढा म्हणते ना."

बाहीवाली म्हणाली, "वेडी झालीस का? एक बाजू मुद्दाम वाकडी शिवणार?" तिचंही चुकत नव्हतं. दोन्ही बाजू सारख्या नसल्या तर कारखान्यात पीस परत यायचा, आणि वर बोलणी. जन्मभर दोघींनी सारखेपणासाठी डोळ्यात तेल घातलं होतं. काकूंनी उजवी बाही उसवली, अर्धी कॉलर उसवली, खांद्याची शिवण बाहेरच्या टोकाला दीड बोट आत घेतली आणि तेवढाच मुंढा, म्हणजे बाही बसते तो गोल, खाली कोरला. कोरताना त्यांनी कात्री केसभर केसभर पुढे नेली, कारण मुंढा जास्त कापला गेला तर मग चादरच नेसवावी लागली असती. बाहीवाली हातावर हात ठेवून बघत होती. मग "सरक, बाही माझं काम आहे," म्हणत तिनं स्टूल ओढून घेतलं.

खाटेवर पसरला तर तो शर्ट चक्क तिरका दिसत होता, एखाद्या शिकाऊ मुलीनं बिघडवल्यासारखा. काकांनी तो अंगात घातला. कॉलर मानेभोवती सगळीकडून सारखी बसली. कड सरळ झाली. काका आरशाकडे बघत राहिले, मग हळूच उजवा खांदा हलवून पाहिला.

"खेचत नाही गं कुठं."

बस्स, एवढंच म्हणाले. दिवसभर अंगावरून काढला मात्र नाही. रात्री जेवायच्या वेळी काकूंनी तो ओढूनच काढला.

समारंभ दुपारी होता, पोस्टाच्या मागच्या खोलीत. टेबलं भिंतीला सरकवलेली, चहा, बिस्किटं, फुलांचा गुच्छ. दोन भाषणं झाली, त्यातलं एक काकांचंच, आणि ते दुसऱ्याच्या तिप्पट लांब. मग साहेब कप घेऊन काकूंजवळ आले. ते काकांचा शर्ट मघापासून निरखत होते.

"वहिनी, मानलं तुम्हाला. बावीस वर्षांचा हात तो, लपत नाही. आता मलाही एक शिवून द्या. नाही म्हणायचं नाही!"

काका सवयीनं "हो, हो, अवश्य" म्हणणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण काकूंनी कप बशीत ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "साहेब, मला शर्ट शिवता येत नाहीत."

काकांनी उघडलेलं तोंड मिटलं.

"कारखान्यात मी फक्त कॉलर लावायचे. बावीस वर्षं. लोकांनी शर्टवाली म्हटलं, मी म्हणू दिलं. मला शर्ट एकच येतो." त्यांनी काकांकडे मान वळवली. "ह्यांचा. तो दुसऱ्या कुणाला बसायचा नाही."

साहेब आधी गोंधळले, मग खोखो हसले, आणि त्यांच्याबरोबर सगळी खोली हसली. काका हसले नाहीत. त्यांनी सरळ बाही डोळ्यांना लावली.

"अहो!" काकू ओरडल्या. "नवीन शर्ट आहे!"